अडीच किलोचा हिशेब

बाळंतपणाची बातमी आली की घरोघरी तीन प्रश्न ठरलेले असतात. ‘सुटका सुखरूप झाली ना?’, ‘मुलगा की मुलगी?’ आणि ‘वजन किती?’ दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर पेढे की बर्फी हे ठरते. तिसऱ्याचे उत्तर मात्र बोलता बोलता मागे पडते. ‘सव्वादोन किलो का? असू दे गं, आमच्याकडची सगळीच मुलं बारकी. महिन्याभरात बाळसं धरेल बघ!’ असे म्हणून वडीलधारी बाई विषय मिटवते.

त्या बोलण्यात माया असते, धीर देण्याची इच्छा असते, हे खरे. आणि पुष्कळ बारकी बाळे पुढे छान वाढतात, हेही खरे. पण मैत्रिणींनो, तीन प्रश्नांतला हा तिसरा प्रश्न इतक्या सहज सोडून देण्यासारखा नाही. कारण ते वजन काही बाळंतपणाच्या खोलीत ठरलेले नसते. त्याचा हिशेब कितीतरी आधी, आपल्याच स्वयंपाकघरात, आपल्याच पानात सुरू झालेला असतो. डोहाळजेवणाच्या दिवशी आपण गर्भारशीला पंचपक्वान्ने वाढतो, पण तोवर या हिशेबाची बरीच पाने लिहून झालेली असतात.

कमी म्हणजे किती कमी?

जन्मतः बाळाचे वजन अडीच किलोपेक्षा कमी भरले, तर डॉक्टर त्याला ‘कमी वजनाचे बाळ’ म्हणतात. दीड किलोच्या आत असेल तर ‘अतिशय कमी वजनाचे’. हे माप जगभर एकच आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ज्या बाळांच्या वजनाची नोंद मिळाली त्यांतील शंभरामागे सुमारे अठरा बाळे अडीच किलोच्या आतली निघाली. म्हणजे साधारण दर पाच-सहा बाळांत एक!

अशा बाळाच्या अंगावर चरबीचा थर पातळ असतो, म्हणून ते चटकन गार पडते. पोटात साठा नसतो, म्हणून दूध मिळायला उशीर झाला की रक्तातील साखर उतरते. जंतूंशी झगडायची ताकद कमी, आणि फार लवकर जन्मलेले असेल तर फुप्फुसेही कच्ची. पहिल्या महिन्यात धोका असतो तो यामुळे.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. बारकी बाळे दोन तऱ्हेची असतात. काही घाईने येतात, म्हणजे सदतीस आठवडे पुरे व्हायच्या आतच जन्मतात. त्यांची वाढ बरोबर चाललेली असते, फक्त दिवस कमी पडलेले असतात. दुसरी बाळे दिवस भरून येतात, पण पोटात असताना त्यांना पुरेसे पोषण पोचलेले नसते. काहींच्या बाबतीत दोन्ही घडते. म्हणूनच शेवटच्या पाळीची तारीख लिहून ठेवा, असे सांगतात. तारीखच ठाऊक नसेल, तर बाळ घाईचे की भुकेचे हे डॉक्टरांनी ओळखायचे कसे?

आपल्या मीरा-भाईंदरच्या बायका

मीरा-भाईंदरला १९८५ साली नगरपरिषद झाली आणि २००२ साली महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत इथे सव्वापाच लाखांच्या आत लोक होते, २०११ साली आठ लाखांवर गेले. मुंबईत जागा परवडेना म्हणून दहिसरचा नाका ओलांडून कितीतरी कुटुंबे इथे आली. बहुतेकींचे माहेर लांब, सासर गावी, आणि घरात दोन खोल्यांचा संसार. दिवस गेल्यावर ‘हे खा, ते उचलू नकोस’ म्हणणारे मोठे माणूस जवळ असतेच असे नाही.

त्यांचा दिवस कसा जातो बघा. पहाटे पाण्याची वेळ सांभाळायची, डबे करायचे, स्वतः चहा-बिस्किटावर निघायचे, गाडीच्या दाराशी लोंबकळत अंधेरी-चर्चगेट गाठायचे. रात्री परत येऊन सगळ्यांना वाढून उरलेले जेवायचे. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या गाळ्यांत दिवसभर उभे राहून काम करणाऱ्या आहेत. घरी बसून नगावर पैसे मिळणारे काम करणाऱ्या आहेत. तिकडे उत्तन-पालीला भल्या पहाटे मासळीची पाटी डोक्यावर घेणाऱ्या, उन्हातान्हात बोंबील वाळत घालणाऱ्या कोळणी आहेत. कामे निराळी, पण एक गोष्ट सगळ्यांची सारखी. दिवसाचे शेवटचे पान ते बाईचे!

बाळाच्या वजनाचा विषय निघाला की आपण टॉनिकची बाटली शोधतो. खरे पाहिले तर या शेवटच्या पानाकडे आधी पाहायला हवे. हे काही मी मनाचे सांगत नाही. आपल्याच महाराष्ट्रात यावर वर्षानुवर्षे काम झाले आहे.

पुण्याजवळची सहा गावे

१९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील बायकांची पाहणी सुरू केली. दिवस जाण्याच्या आधीपासून त्यांचे वजन, उंची, खाणे, कष्ट यांची नोंद ठेवली. शेतात राबणाऱ्या या बायकांचे सरासरी वजन होते अवघे बेचाळीस किलो. दिवस भरून जन्मलेल्या त्यांच्या बाळांचे वजन सरासरी दोन किलो सातशे ग्रॅमच्या आसपास भरले.

आईने भाकरी-भात किती खाल्ला यावरून बाळाच्या वजनात फारसा फरक दिसला नाही. फरक दिसला तो पालेभाज्या, फळे आणि दूध यांनी. ज्यांच्या खाण्यात ही तीन वारंवार होती, त्यांची बाळे थोरली होती. आणि ज्यांच्या वाट्याला अंगमेहनत फार, त्यांची बाळे हलकी. नुसते पोट भरणे आणि पोसणे यात हा असा फरक आहे!

याच कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली. आपली ही बाळे दिसायला बारीक, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबीचे प्रमाण त्या मानाने जास्त. पोटात असताना उपाशी राहिलेले शरीर काटकसर शिकते. पुढे मोठेपणी भरपूर खायला मिळाले आणि हालचाल कमी झाली की मधुमेह, रक्तदाब अशा दुखण्यांना ते लवकर बळी पडू शकते. म्हणून बारक्या बाळाला डबेच्या डबे पावडर चारून घाईघाईने गुबगुबीत करणे हाही उपाय नव्हे.

मुंबईतला खाऊ आणि अठ्ठेचाळीस ग्रॅम

मग कुणीही विचारील, ‘पालेभाजी-दूध चारून बघितलं का?’ बघितले. आणि तेही आपल्या जवळच, मुंबईच्या झोपडवस्त्यांत. २००६ ते २०१२ या काळात ‘सरस’ नावाचा एक प्रकल्प झाला. साडेसहा हजारांवर बायकांना रोजच्या जेवणाशिवाय एक खाऊ दिला जाई. निम्म्या जणींच्या खाऊत पालेभाजी, फळ आणि दूध असे. उरलेल्यांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या साध्या भाज्या. दिवस जायच्या आधीपासून बाळंतपणापर्यंत हे चालले.

२०१४ साली निष्कर्ष छापून आले. सगळ्या बायकांचा मिळून हिशेब केला तर बाळांच्या वजनात ठळक वाढ नव्हती. पण दिवस जाण्याच्या निदान तीन महिने आधीपासून ज्यांनी हा खाऊ घेतला, त्यांची बाळे सरासरी अठ्ठेचाळीस ग्रॅमनी जड निघाली. त्यांच्यात अडीच किलोच्या आतली बाळे शंभरात चौतीस, तर साधा खाऊ खाणाऱ्यांत एक्केचाळीस. शिवाय पौष्टिक खाऊ घेणाऱ्यांत गरोदरपणातला मधुमेहही कमी आढळला. आणि ज्या बायका मुळातच फार किडकिडीत होत्या, त्यांच्या बाळांना या खाऊचा फायदा झालेला दिसला नाही.

अठ्ठेचाळीस ग्रॅम म्हणजे एखादे लिंबू. एवढ्याशासाठी इतका खटाटोप? असे म्हणू नका. अडीच किलोच्या उंबरठ्यावरची कितीतरी बाळे त्या एका लिंबाने अलीकडची पलीकडे जातात. पण त्याहून मोठा धडा वेळेचा आहे. बाळाचे मांस-मेद शेवटच्या तीन महिन्यांत भराभर वाढते हे खरे, पण ज्या वारेतून त्याला अन्न पोचते ती वार पहिल्या महिन्यांतच तयार होते. कित्येकींना तर तेव्हा दिवस गेल्याचा पत्ताही नसतो! म्हणून लग्न ठरलेली मुलगी, नवी सून, दुसऱ्या मुलाचा विचार करणारी आई, या तिघींच्या पानात आजच भाजी वाढायला हवी.

मशेरीची डबी

आता जरा नाजूक विषय. कोकणातून, घाटावरून आलेल्या पुष्कळ घरांत सकाळी दाताला मशेरी लावायची सवय असते. ‘त्याशिवाय पोट साफ होत नाही,’ असे सांगतात. दात घासायची पूड म्हणून कुणी तिला व्यसन मानतच नाही. पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, बरं का!

मुंबईतच सुमारे बाराशे गरोदर बायकांची पाहणी करून २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू लावणाऱ्या-खाणाऱ्या बायकांची बाळे इतर बाळांपेक्षा सरासरी एकशेपाच ग्रॅमनी हलकी होती, आणि दिवस भरायच्या आत जन्मण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक होते. त्या बायकांत बहुतेकींची तंबाखू म्हणजे मशेरीच होती.

हे दोन आकडे शेजारी मांडून पाहा. महिनोन् महिने भाजी-दूध-फळाचा खाऊ खाऊन जे अठ्ठेचाळीस ग्रॅम पदरात पडतात, त्याच्या दुपटीहून अधिक ही चिमूटभर पूड काढून नेते! सवय सोडणे सोपे नाही, हे कबूल. पण घरातल्या मोठ्या बाईने आणि सुनेने मिळून सोडायचे ठरवले तर जमते. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर त्यांनाही दाराबाहेर पाठवा. धूर, मग तो चुलीचा असो की विडीचा, पोटातल्या बाळाला मानवत नाही.

आणखी कशाकशाने वजन घटते?

अंगात रक्त कमी असणे. आपल्या राज्यात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. गरोदरपणी हिमोग्लोबिन अकराच्या खाली असेल तर ते कमीच समजायचे.

वय. विशीच्या आत मुलीची स्वतःचीच वाढ पुरी झालेली नसते. मग आई आणि बाळ एकाच ताटातले ओढतात.

पाठोपाठची बाळंतपणे. पहिले मूल दोन वर्षांचे व्हायच्या आत पुन्हा दिवस गेले तर आईचा साठा भरून निघत नाही. तीन वर्षांचे अंतर राखले तर उत्तम.

रक्तदाब आणि जंतुसंसर्ग. रक्तदाब वाढला की वारेतून बाळाला रक्त कमी पोचते. लघवीची जळजळ, हिवताप अशी दुखणी अंगावर काढली तर कळा लवकर सुरू होऊ शकतात.

जुळी बाळे, आणि आधीचे बाळ बारके असणे. अशांनी पहिल्यापासून डॉक्टरांच्या नजरेखाली राहावे.

अतिश्रम आणि मनाचा जाच. घरात मारहाण, सततची धुसफूस असेल तर त्याचा परिणाम बाळावर होतो. ही गोष्ट सहसा कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

आणि एक जुनी समजूत. ‘जास्त खाऊ नकोस, बाळ मोठं झालं तर अडेल!’ या धाकाने शेवटच्या महिन्यांत हात आखडून जेवणाऱ्या कितीतरी जणी आहेत. अहो, अडले तर सोडवायला दवाखाना आहे. पण पोटात उपाशी राहिलेल्या बाळाचे ते दिवस परत कसे आणणार?

पानात काय वाढाल?

यासाठी महागडे डबे नकोत. रोज एक वाटी पालेभाजी: माठ, मेथी, चवळई, शेवग्याचा पाला, जे स्वस्त मिळेल ते. वरून लिंबू पिळा, म्हणजे भाजीतले लोह अंगी लागते. रोज एक फळ: पेरू, केळे, पपनस, हंगामात असेल ते. सकाळ-संध्याकाळ मिळून दोन पेले दूध, किंवा तेवढेच दही-ताक. डाळ-उसळ रोज. खात असाल तर अंडे, आणि आपल्या किनाऱ्याची ताजी मांदेळी, बांगडा, ओले बोंबील नीट शिजवून. सुक्या मासळीत मीठ फार, ती बेताने. मुशीसारखे मोठे मासे या दिवसांत टाळावेत.

गाडीने जाणाऱ्यांनी डब्याबरोबर एक पुरचुंडी ठेवावी: मूठभर भाजलेले शेंगदाणे-चणे आणि गुळाचा खडा. जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्या झाल्या चहा घेऊ नये, तो लोह शोषू देत नाही. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नयेत, एक सकाळी तर एक रात्री. गोळीने मळमळले तर ती कोनाड्यात टाकून न देता डॉक्टरांना सांगावे. दुपारी निदान तासभर डाव्या कुशीवर पडावे. नऊ महिन्यांत साधारण दहा-बारा किलो वजन वाढायला हवे. मुळात बारीक असाल तर त्याहूनही थोडे अधिक.

नाव लवकर घाला

पहिले तीन महिने सरायच्या आत नाव नोंदवा. जवळच्या पालिकेच्या आरोग्य केंद्रात, किंवा भाईंदर पश्चिमेच्या पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात चौकशी करा. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची खास तपासणी असते. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये मिळतात, आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. पात्रता आणि कागदपत्रे आशाताईंना विचारा. ते पैसे घराच्या हप्त्यात न घालता दूध-फळांवरच खर्च करा!

डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, ताप, बाळाची हालचाल मंदावणे, किंवा वेळेआधी ठरावीक अंतराने पोटात दुखणे, यांपैकी काहीही झाले तर रात्र असली तरी निघा. बाळ लवकर येणारच असेल, तर आईला आधी इंजेक्शन देऊन बाळाची फुप्फुसे बळकट करता येतात. पण त्यासाठी वेळेवर पोचायला हवे ना?

बाळ बारके झालेच तर

एवढे सगळे करूनही बाळ लहान होऊ शकते. तेव्हा घाबरू नका, आणि आईला बोल तर मुळीच लावू नका. आधीच ती धास्तावलेली असते.

बाळाला ऊब हवी. पाळण्यापेक्षा आईच्या छातीची ऊब मोठी. कोलंबियातील बोगोटा शहरी १९७८ च्या सुमारास डॉक्टरांनी ही रीत सुरू केली: बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे घालून आईच्या उघड्या छातीशी उभे धरायचे आणि वरून कापडाने बांधायचे. कांगारूसारखे! आपल्या देशासह पाच देशांत झालेल्या अभ्यासात, ज्या बारक्या बाळांना जन्मल्या जन्मल्या असे धरले, त्यांच्यातले मृत्यू चतुर्थांशाने घटले, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. आई थकली तर बाबांनी, आजीने धरावे. छाती त्यांनाही आहेच की!

दूध आईचेच. पहिला पिवळा चीक फेकू नका. मध, गूळपाणी, गुटी काही नको. बारके बाळ ओढताना दमते, तेव्हा दूध काढून वाटी-चमच्याने दर दोन तासांनी पाजावे. शीवच्या पालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्ध पेढी सुरू केली, ती अशाच नाजूक बाळांसाठी.

डॉक्टर सांगेपर्यंत अंघोळ, रगडून मालीश, नाका-कानात तेल, शेगडीची धुरी, सगळे थांबवा. बघायला येणाऱ्यांना दारातच हात धुवायला सांगा. बाळ थंड पडले, दूध ओढेना, श्वास जोराने घेऊ लागले की लगेच दवाखाना.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावच्याच बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवून तयार केले. त्यांनी १९९५ ते १९९८ या काळात एकोणचाळीस गावांत घरोघर जाऊन हीच साधी कामे केली, आणि तिथले नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक कमी झाले. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, त्यामागे ही कामगिरी आहे. त्या आल्या तर ‘सगळं बरं आहे’ म्हणून दारातून परत पाठवू नका. काटा काढायला सांगा आणि वजन लिहून घ्या.

शेवटी एक विनंती, आणि ती केवळ गरोदर मैत्रिणींना नाही. सासूबाई, नणंदा, आणि हे पान चुकून वाचणारे नवरोजी, तुम्हांलाही. आज रात्री जेवायला बसताना घरातल्या तरण्या बाईला आपल्याबरोबर बसवा. भाजी आधी तिला वाढा, मग इतरांना. कढईत काय उरते ते दुसऱ्या कुणी खाल्ले तरी चालेल!